बी झुवेनाच्या ओळीत एक अक्षर कमी

सोमवार, २७ मे

स्वाबरा आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी. शेवटच्या बाकावर बसून चिंचा खायची आणि चिंचोके पुढच्या मुलींच्या ओढणीत टाकायची. आता आमच्या लामू बेटाच्या रेडिओवर गुरुवारी चार वाजताचा कवितेचा कार्यक्रम तीच सांभाळते. त्यात मी बोलतो.

म्हणाली, "मास्तर, तुम्ही दर आठवड्याला नवा कवी घेता आणि दर आठवड्याला एक नवा माणूस दुखावता. पाच आठवडे एकच कवी घ्या ना. एकच माणूस दुखावेल."

चेष्टा सोडली तर कल्पना उत्तम आहे. एकाच कवीच्या पाच कविता शेजारी शेजारी ठेवायच्या आणि बघायचं: तंत्र कसं, भावना कशी, आणि दोघांचं आपसात पटतं की नाही. मी त्याच बैठकीत बी झुवेनाचं नाव सांगितलं; बाईमाणसाला आम्ही मानानं 'बी' म्हणतो. किल्ल्यामागच्या गल्लीत राहते, टोप्यांवर कशिदा काढते. नवरा जहाजावर नाखवा होता, नऊ वर्षांपूर्वी वारला.

निवडीमागचं कारण निव्वळ साहित्यिक आहे. आमच्या कवितेच्या ओळीत सोळा अक्षरं हवीत, आठ आणि आठ. मध्ये यमक, शेवटी यमक. तीस वर्षं मी हे फळ्यावर लिहीत आलो. लोक पंधरा करतात, सतरा करतात आणि वर मलाच सांगतात, "मास्तर, भावना बघा." झुवेनाची सोळाच्या सोळा असतात. दर आठवड्याला नवी कविता द्यायचं तिनं कबूल केलंय.

मिझेताईला सांगितलं. ती माझी थोरली बहीण, शेजारीच राहते, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. माझी बायको आसिया वारल्यापासून माझं जेवण तिच्याकडूनच येतं.

"झुवेना? हं," ती म्हणाली.

या 'हं'चा अर्थ मला लागला नाही.

गुरुवार, ३० मे

पहिली कविता विहिरीची. शेवटची ओळ:

पाणी गोड आहे माझे, दोर तुझा घेऊन ये.

पाणीटंचाईवरची अत्यंत प्रामाणिक रचना. मी श्रोत्यांच्या लक्षात आणून दिलं की दुसऱ्या ओळीत पोहरा खाली जातो तिथे शब्द लांब लांब आहेत, आणि तिसऱ्या ओळीत तो वर येतो तिथे आखूड, भरभर. हे आपोआप होत नाही, बसून करावं लागतं, असं मी म्हणालो. सगळी वीस मिनिटं त्या दोन ओळींवरच गेली. स्वाबरा काचेपलीकडून घड्याळ दाखवत होती.

तंत्र दहापैकी दहा. भावना सात.

रविवार, २ जून

कवीला भेटल्याशिवाय तुलना अपुरी राहील असं वाटलं, म्हणून झुवेनाकडे गेलो. एकट्यानं जाणं बरं दिसत नाही, तेव्हा मिझेताईला बरोबर घेतलं. आम्ही दारापुढच्या कट्ट्यावर बसलो. झुवेनानं आल्याची कॉफी दिली आणि पुन्हा सुई हातात घेतली.

मी वही उघडली. "आधी भावना येते की आधी अक्षरं?"

"आधी कॉफी उकळते," झुवेना म्हणाली.

मिझेताई खोकली.

"तसं नाही. म्हणजे या टोपीचंच घ्या. आधी छिद्रं मोजता का?"

"मोजते की. पण नुसती छिद्रं मोजून टोपी बसत नाही, मास्तर. कुणाच्या डोक्यावर जायचीय ते ठाऊक असावं लागतं."

मी ते लिहून घेतलं. मग तिनंच मला विचारलं, "तुम्ही स्वतः कधी कविता केली नाहीत?"

"मी शिकवतो."

"पोहायला शिकवणारा निदान पाय तरी भिजवतो."

मिझेताई इतकी हसली की तिचा बुयबुय, तो काळा झगा, कॉफीनं भिजला. परत येताना मी ताईला म्हटलं, "बाई हुशार आहे, पण उत्तरं सरळ देत नाही." ताई म्हणाली, "सरळ दिलेलं तुला कळलं असतं का?"

गुरुवार, ६ जून

दुसरी कविता गाढवाची. शेवट:

ओझे मोजतोस किती, घरी वेळेवर तू ये.

लामूत पाय ठेवायला जागा नाही इतकी गाढवं आहेत, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. मी जनावरांवर लादल्या जाणाऱ्या ओझ्याबद्दल कळकळीनं बोललो. पहिल्या कवितेशी तुलना करताना म्हणालो की विहिरीत करुणा होती, इथे थट्टा आहे. पण थट्टेखाली माया आहे. कवयित्रीला हे गाढव मनापासून आवडतं.

काचेपलीकडे स्वाबरानं टेबलावर डोकं टेकलं. तिला बरं नसावं.

तंत्र दहा. भावना साडेसात.

गुरुवार, १३ जून

ईद तीन दिवसांवर आली. तिसरी कविता टोपीची:

टोपी झाली, डोके कुठे? माप द्यायला तरी ये.

हस्तकलेचा ऱ्हास. तरुण पोरं हल्ली बोडक्यानं हिंडतात किंवा समोर झाप असलेल्या विलायती टोप्या घालतात. कशिद्याची टोपी घालायला डोकीच उरली नाहीत, ही कवयित्रीची व्यथा आहे. मी बोलताना भारावून गेलो होतो. एक गंमत मात्र अशी की गेल्या ईदला मीसुद्धा तिच्याकडे टोपी सांगितली होती आणि माप द्यायला जायचं राहून गेलं. केवळ योगायोग. कार्यक्रमात उल्लेख केला नाही; व्यक्तिगत गोष्टी समीक्षेत आणू नयेत.

एक शंका लिहून ठेवतो. 'ये', पण कोण? विहिरीशी कुणाला बोलावलं, टोपीसाठी कुणाला, ते कवितेत कुठेच येत नाही. भावनेत हा धूसरपणा नको होता. साताच्या वर देता येत नाही.

सोमवार, १७ जून

ईद झाली. झुवेनाकडून हलव्याची ताटली आली, वर बदाम. मिझेताईकडेही आली. तिच्यावर बदाम नव्हते. मी ताईला म्हटलं, संपले असतील. ताई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

जुनीच टोपी घातली.

गुरुवार, २० जून

चौथी कविता, भरतीची:

भरतीची वेळ झाली, ओहोटीच्या आधीच ये.

मी मच्छीमारांना सावधगिरीचे दोन शब्द सांगितले. सध्या दक्षिणेचा वारा जोरात आहे, त्यामुळे कविता वेळेवर आली. तंत्र नेहमीप्रमाणे निर्दोष. भावनेत पहिल्यांदाच घाई जाणवली. विहिरीची कविता निवांत होती, गाढवाची खोडकर, टोपीची लाडिक, आणि ही श्वास लागल्यासारखी. 'आधीच' मधला तो 'च' मला रात्रभर टोचणार असं दिसतंय.

संध्याकाळी धक्क्यावरच्या कॉफीवाल्यानं पैसेच घेतले नाहीत. "असू दे, मास्तर," म्हणाला. "ओहोटी लागली की द्या." बाकीचे हसले. मीही हसलो, म्हणजे हसायचं असतं म्हणून.

सोमवार, २४ जून

मिझेताईनं जेवण वाढता वाढता सांगितलं की झुवेना घर बंद करून मोंबासाला मुलाकडे चाललीय. हिशाम तिकडे बंदरात कारकून आहे. "एकटीनं इथे कशाला राहायचं म्हणतो तो," ताई म्हणाली. "बरोबरच आहे त्याचं. इथे तिला कोण आहे?"

मी म्हटलं, "पण कार्यक्रमाचा अजून एक भाग बाकी आहे!"

"तो देऊन जाईल, काळजी करू नकोस."

दुपारपासून छातीत जळजळतंय. नारळाच्या दुधातल्या तुरी मला मानवत नाहीत, हे ताईला कितीदा सांगायचं.

गुरुवार, २७ जून

पाचवी आणि शेवटची कविता. दाराची. शेवटची ओळ:

दार लावून घेते मी, कडी घातली नाही.

मी मोजली. बोटांवर मोजली, पेन्सिलीनं मोजली. पहिला अर्धा आठ. दुसरा सात. झुवेनाच्या ओळीत एक अक्षर कमी!

शेवटच्या ओळीला यमकाची सूट असते, अक्षरांची नसते. कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं होती. काय करावं? तीस वर्षांचा माझा नियम आहे की चूक ती चूक, मग ती कुणाचीही असो. मी प्रक्षेपणात नम्रपणे सांगितलं की जाण्याच्या गडबडीत कवयित्रीकडून अनवधानानं चूक झालेली दिसते, आणि लगेच दुरुस्तीही सुचवली: 'घातली' ऐवजी 'घातलेली'. कडी घातलेली नाही. आठ अक्षरं. अर्थाला धक्का नाही, ओळ पक्की.

तंत्र नऊ. भावना आठ, निरोपाची म्हणून.

काचेपलीकडे स्वाबरा उभी होती. ती हसत नव्हती. कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, "सर, हे तुम्ही काय केलंत?" आणि हेडफोन काढून निघून गेली. ती मला कधी सर म्हणत नाही.

शुक्रवार, २८ जून

नमाजनंतर मशिदीच्या कट्ट्यावर माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. मिझेताईनं जेवण पाठवलं नाही. मी तिच्याकडे गेलो तर दारातूनच म्हणाली, "काल झुवेना इथे होती. आम्ही दोघी मिळून तुझा कार्यक्रम ऐकला."

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही. तू 'घातलेली' म्हणालास तेव्हा उठली आणि गेली. ओढणी राहिली तिची इथे."

"एवढं रागवायचं काय त्यात? एका अक्षराची तर गोष्ट."

"हो ना," ताई म्हणाली. "एकाच अक्षराची. तू मोजण्यातला उस्ताद, बस मोजत."

आणि तिनं दार लावलं. आत कडी घातल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

शनिवार, २९ जून

सकाळी पाचही कविता चटईवर शेजारी शेजारी मांडल्या. खरं तर पाच आठवड्यांत हे मी एकदाही केलं नव्हतं. दर गुरुवारी एक कागद घ्यायचा, गुण द्यायचे आणि खणात टाकायचा, असंच चाललं होतं.

आधी तंत्र. चार कविता, प्रत्येकीच्या चार ओळी, एकूण दोनशे छप्पन्न अक्षरं. एकही इकडची तिकडे नाही. पाचव्या कवितेत शेवटच्या अर्ध्या ओळीपर्यंत तसंच. जी बाई पोहऱ्याबरोबर शब्द लांबवते आणि आखडते, ती अगदी शेवटच्या ठिकाणी गडबडेल? शक्य नाही. म्हणजे चूक नाही. म्हणजे मुद्दाम.

मग शेवटच्या ओळी एकाखाली एक लिहिल्या. चारही ओळींत सोळावं अक्षर एकच.

ये.

ये.

ये.

ये.

पाचवीत ती जागा मोकळी आहे. कडी घातली नाही, आणि पुढे एका अक्षरापुरती जागा. चार वेळा म्हणून झालं, पाचव्यांदा तिनं म्हटलं नाही. दाराला कडी नाही एवढंच सांगितलं आणि थांबली. आणि मी तिथे 'ले' कोंबून ती फट बुजवून टाकली. सगळ्या गावाच्या देखत.

त्या चटईवर बसल्या बसल्या मला विहीर, गाढव, टोपी, भरती सगळं ओळीनं दिसलं. बदामसुद्धा. गाढवावर मी पंधरा मिनिटं काय काय बोललो होतो ते आठवून कानाच्या पाळ्या तापल्या.

वहाणा न घालता किल्ल्यामागे गेलो. दाराला बाहेरून कुलूप. शेजारीण म्हणाली, सकाळच्या होडीनं गेली ती. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "मास्तर, शेण आहे तिथे."

रविवार, ३० जून

काल परत आल्यावर दिवसभर एक कविता करायचा प्रयत्न केला. उत्तर म्हणून. आमच्याकडे कवितेला कवितेनंच उत्तर देतात. चार ओळी झाल्या. सोळा-सोळा अक्षरं, यमकं चोख. वाचून पाहिली. नगरपालिकेची सूचना वाटत होती. फाडली.

मिझेताई आली. येताना भात घेऊन आली, म्हणजे राग उतरला होता. मी तिला चटईवरचे कागद दाखवले. तिनं ते पाहिलेही नाहीत.

"कळलं एकदाचं? आता?"

"आता काय? ती गेली. माझं वय एकोणसाठ. आणि आसिया..."

"आसियाला मध्ये आणू नकोस. आसिया गेली तेव्हा तू चाळीस दिवस काय करत होतास, आठवतं? या जिन्याच्या पायऱ्या मोजत होतास. वर जायचास, खाली यायचास. किती आहेत?"

"एकवीस."

"अजून मोजतोस?"

मोजतो.

ताईनं भात माझ्यापुढे सरकवला. "मी पासष्ट वर्षांची झाले, शाली. मी आणखी किती वर्षं तुला जेवण पाठवणार आहे, याचा हिशेब तू कधी केलास का?" तिनं हे चेष्टेत सुरू केलं होतं, पण शेवटपर्यंत चेष्टा टिकली नाही.

भीती वाटतेय, हे खरं आहे. एवढ्या लांब जायचं आणि तिनं दार उघडून म्हणायचं, मास्तर, ती कविता दाराचीच होती. मग तोंड कुठे लपवायचं? आणि दुसरी भीती याहून वाईट. तिनं तसं म्हटलं नाही तर?

मंगळवार, २ जुलै. मोंबासा

काल पहाटेची होडी, मग मुख्य भूमीवरच्या मोकोवेहून बस. आठ तास, त्यातला निम्मा वेळ एका बाईची कोंबडी माझ्या पायावर. रात्र चुलतभावाकडे काढली. आज दुपारी हिशामचं घर शोधून काढलं, जुन्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर. जिना चढलो. किती पायऱ्या होत्या ते सांगता येणार नाही.

दार हिशामनं उघडलं. उंच, गंभीर मुलगा. "कोण हवंय?"

"बी झुवेना. मी लामूहून... रेडिओवर..."

"हां. तुम्ही." त्यानं ज्या तऱ्हेनं 'तुम्ही' म्हटलं त्यावरून प्रकरण त्याच्यापर्यंत पोचलं होतं हे उघड झालं. तो बाजूला झाला.

ती खिडकीशी टोपी घेऊन बसली होती. सुई थांबली नाही.

"आणखी एखादी दुरुस्ती राहिली का, मास्तर?"

"दुरुस्ती मागे घ्यायला आलो."

"त्यासाठी रेडिओ आहे की."

"रेडिओवरही सांगेन. आधी एक विचारायचं होतं." बसमध्ये मी याची चांगली चार वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आलं नाही. "ती शेवटची जागा मोकळी होती. ती... ती माझ्यासाठी होती का? नसेल तर मी उद्या सकाळच्या बसनं परत जातो, आणि हे कुणाला कळणार नाही."

"कसली जागा?" हिशामनं विचारलं.

"तू जरा गप्प बस," झुवेना त्याला म्हणाली. मग सुई टोपीत टोचून ठेवली. "अख्ख्या लामूला कळलंय, मास्तर. आता कुणाला कळायचं राहिलंय?"

"म्हणजे पहिल्या कवितेपासून..."

"पहिली विहिरीचीच होती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"खरंच विहिरीची. आमच्या गल्लीत पाणी येत नव्हतं म्हणून केली होती. बावीस वर्षं कविता करतेय मी. लग्नात म्हणतात, बायका टाळ्या वाजवतात, छान आहे म्हणतात, आणि पुढच्या गाण्याकडे वळतात. हिशामचे वडील ऐकता ऐकता झोपायचे, बिचारे दमलेले असायचे. पोहरा खाली जाताना शब्द लांब केले होते, वर येताना आखूड. चार दिवस लागले मला त्याला. कुणाला कळेल असं डोक्यातही नव्हतं. आणि तुम्ही रेडिओवर वीस मिनिटं त्याच दोन ओळींवर बोललात." तिनं टोपी मांडीवर ठेवली. "मी तांदूळ निवडत होते. ते तसेच राहिले. त्यानंतरच्या मात्र विहिरीच्या नव्हत्या."

मी खाली बघत होतो. तीस वर्षं शिकवलं, पण माझ्या बोलण्यानं कुणाचे तांदूळ निवडायचे राहिले असतील असं कधी वाटलं नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? बोलायची पाळी तुमची आहे."

"या," मी म्हणालो. "लामूला परत या. माझ्याकडे."

"एवढं म्हणायला आठ तास बसमध्ये बसलात."

"कोंबडी घेऊन," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. आतल्या खोलीत कुणीतरी फिसकन हसलं, सूनबाई असणार.

"आई, हे काय चाललंय?" हिशाम म्हणाला. "तू कायमची राहायला आली आहेस. मी तुझ्यासाठी पलंग आणलाय."

"पलंगावर झोपेन ना. सून सातव्या महिन्यात आहे. बाळंतपण होऊन सव्वा महिना होईपर्यंत मी इथेच आहे. मास्तरांना तोवर थांबावं लागेल."

"थांबेन," मी म्हणालो.

"हिशामशी रीतसर बोलावं लागेल. मिझेताईंना घेऊन या. तो नाही म्हणाला तर मी त्याचं मन वळवेन, पण विचारायचं त्याला."

"विचारेन."

"आणि माझ्या कवितेवर यापुढे रेडिओवर बोलायचं नाही."

इथे मी अडखळलो, हे लिहून ठेवायला हवं. "एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"घरात?"

तिनं टोपी उचलली, उजेडात धरली, पुन्हा खाली ठेवली. "घरात चालेल. पण गुण द्यायचे नाहीत."

मी कबूल केलं. हिशाम खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला होता. खाली रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत होते. मला वाटलं आता उठावं. मी टोपी नीट केली आणि निरोपाचे शब्द जुळवू लागलो.

तेवढ्यात आतून सुनेनं विचारलं, "आई, पाहुण्यांचं ताट वेगळं वाढू?"

झुवेनानं मुलाच्या पाठीकडे पाहिलं. त्यालाच बोलू द्यायचं होतं तिला.

"वेगळं नको," हिशाम न वळता म्हणाला. "आमच्या दोघांची एकच परात आण."

आम्ही चटईवर बसलो, मध्ये नारळाचा भात, वर तळलेला मासा. त्यानं माझ्या हातावर पाणी घातलं. पहिले चार घास आम्ही दोघंही परातीत बघून खाल्ले. मग त्यानं माशाचा पोटाकडचा, सगळ्यात चांगला तुकडा मोडला आणि माझ्या बाजूला सरकवला.